तीन तारखा

म्हातारीनं माफी मागितली, आणि रविकांतच्या हातातला कॉफीचा पेला तोंडापर्यंत जाता जाता थांबला.

"तुम्हांस फार त्रास दिलें मी," सकवारबाई म्हणाल्या. "तीनदां फोन केलात तुम्ही. एकदांही घेतलें नाही. कान गेले हो माझे. मनांत धरूं नका."

त्यांच्या हातात चार घड्यांचा एक कागद होता. घड्यांवर तो इतका मऊ पडला होता की उलगडताना आवाजही झाला नाही. अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आलेलं पत्र, नातीनं कॅनडाहून पाठवलेलं, खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलेलं. त्यात तीन तारखांखाली पेन्सिलनं रेघा मारल्या होत्या. तीन एप्रिल, दहा एप्रिल, एकोणीस एप्रिल. प्रकाशकाशी या तारखांना संपर्क साधला, उत्तर मिळालं नाही, सबब नियतकालिक बंद पडल्याची नोंद केली आहे. रविकांतनं तो कागद वाचल्यासारखं केलं. वाचायची गरज नव्हती. त्या तारखा त्यानंच तयार केल्या होत्या. एप्रिल संपता संपता एका दुपारी, जेवणानंतर डोळ्यांवर झापड येत असताना, एका बैठकीत तिन्ही भरल्या होत्या. अंतर अगदी सारखं दिसू नये म्हणून एकदा सात दिवसांचं ठेवलं होतं, एकदा नऊ. रविवार येत नाही ना, तेवढं मात्र पाहिलं होतं.

"तीन तारखेस मी घरांतच," त्या सांगू लागल्या, जणू जबाबच द्यायचा होता. "दहा तारखेसही घरांतच. स्वयंपाकघरांत असेन, कुकर ओरडत असेल. एकोणीस तारखेस तर लोकसभेचं मत टाकायला गेलें. तासभरच. तेवढ्यांत केलात वाटतं तुम्ही. मतदानाच्या दिवशींही तुमचं ऑफिस काम करतं, पावम." पावम म्हणजे बिच्चारं. तमिळमधला हा शब्द त्याला एकोणीस वर्षांत पुरता ओळखीचा झाला होता, पण आपल्यासाठी कुणी इतक्या मनापासून तो वापरल्याचं त्याला आठवेना.

खरं तर तो भांडणाच्या तयारीनं आला होता. पेरुंगुडीहून बसनं येताना सबंध वाटभर तो उत्तरं जुळवत होता. मावशी, तुमची वेबसाइट उघडत नव्हती. मावशी, दोन वर्षं नवा अंक दिसला नाही. तशी ती खरीही होती. पेरुंगुडीच्या त्या ऑफिसात सातव्या मजल्यावर तो आणि आणखी सहाजण परदेशी ग्रंथालयांसाठी नियतकालिकांच्या नोंदी सांभाळत. कुठलं मासिक चालू आहे, कुठल्याचं नाव बदललं, कुठलं दुसऱ्यात मिसळलं, कुठलं आता छापत नाहीत आणि नुसतं इंटरनेटवर निघतं, याचा हिशेब. नोंदीत पहिल्या अंकाचं वर्ष असतं, त्यापुढं एक आडवी रेघ, आणि रेघेपुढं मोकळी जागा. नियतकालिक निघतंय तोवर ती जागा मोकळी ठेवायची. बंद पडलं की तिथं शेवटचं वर्ष घालायचं. एकदा ते वर्ष घातलं की तिकडं तीनशे ग्रंथालयांतून ते नाव चालू यादीतून उतरतं. म्हणून नियम होता की घालण्यापूर्वी प्रकाशकाला तीन वेगवेगळ्या आठवड्यांत विचारायचं आणि तारखा टाकायच्या. रविकांत पहिली बरीच वर्षं विचारत असे. मग दिवसाच्या नोंदींची संख्या वाढली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि कधीतरी, नेमकं कधी हे आता आठवत नव्हतं, तो नुसत्याच तारखा टाकू लागला. बहुतेक मासिकं खरोखरच मेलेली असत. कुणी तक्रार केली नाही. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच तिकडच्या एका भूगर्भशास्त्राच्या बाईंनी लिहिलं की हे त्रैमासिक निघतं आहे, माझ्या टेबलावर ताजा अंक आहे, तुम्ही कुणाला विचारलंत? पत्ता चेन्नईतलाच निघाला, टी. नगरातला, आणि त्याची टीम सांभाळणारी श्रीरंजनी म्हणाली, "सार, तुम्हीच जाऊन बघून या ना. तुमचीच भाषा बोलणारे लोक दिसतात."

उस्मान रोडच्या मागच्या गल्लीत, साड्यांच्या दोन दुकानांच्या पाठी लागून असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं हे घर. खालून दुकानदारांचा पुकारा वर येत होता. त्रैमासिकाचं नाव होतं 'वेल लेव्हल्स ऑफ द लोअर कावेरी'. खालच्या कावेरीकाठच्या विहिरींची पाणीपातळी. दुसरं त्यात काही नसे. सकवारबाईंचे यजमान दत्ताजीराव पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. चौऱ्याऐंशी साली त्यांनी तिरुवय्यारपासून वेदारण्यमपर्यंतच्या त्रेचाळीस विहिरी निवडल्या आणि दर तीन महिन्यांनी त्यांचं पाणी किती खोल आहे ते छापायला सुरुवात केली. एक पान, कधी दोन. आता सतरा विहिरी उरल्या होत्या. बाकीच्या बुजवल्या, किंवा मालकच गेले. सकवारबाईंनी अंकांची चळत त्याच्यापुढं ठेवली आणि रविकांतचे हात आपोआप कामाला लागले. खंड, अंक, महिना. एकही अंक चुकलेला नव्हता. फक्त एके ठिकाणी, तीन वर्षांमागं, खंड अडतीसचा दुसरा अंक दोनदा आला होता.

"हा दोनदा?"

"तेव्हां हे गेले," त्या म्हणाल्या. "मला नंबर मोजतां आला नाही त्या वेळीं."

त्यानं पुढचे अंक पाहिले. प्रत्येकावर तळाशी संपादक म्हणून दत्ताजीरावांचंच नाव होतं. त्याची नजर तिथं थांबलेली पाहून त्यांनी पदर सारखा केला. विहिरींना आता त्याच फोन करतात, दर तिमाहीच्या पहिल्या तारखेला. कुठं देवळातले पुजारी, गुरुक्कल, दोर सोडून मोजतात, कुठं शाळेतल्या बाई, एका ठिकाणी तर मालकीणबाईंना दिसत नाही, त्या दोराच्या गाठी बोटांनी मोजून सांगतात. खालचा झेरॉक्सवाला टाइप करून देतो. नात अनन्या होती तोवर ती इंटरनेटवर चढवीत असे, ती शिकायला गेली आणि साइटची मुदत संपली ते कुणाला कळलंच नाही. "पण नांव त्यांचंच ठेवलें. नांव काढलं तर सरकारनं दिलेला तो आठ आकडी नंबर जातो असं एकजण म्हणाले. नंबर गेला तर मासिक गेलं. खोटं आहे, मला समजतं. तुम्ही हें खोटं लिहून घ्याल कीं?"

"नाही मावशी," रविकांत म्हणाला, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्याचा आवाज नीट निघाला. "तो नंबर नावाला असतो, मासिकाच्या नावाला. संपादक कुणीही असला तरी नंबर तोच राहतो. तुम्ही तुमचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं."

"असं?" त्या म्हणाल्या. टेबलावर पेल्याचं ओलं वर्तुळ उमटलं होतं, ते बोटानं पुसत राहिल्या.

आणि मग त्यानं सांगायला हवं होतं. सांगायची जागा तीच होती. पण त्यांनीच दुसरं बोलणं काढलं, तुमचं गाव कुठलं, साताऱ्याकडचं कोरेगाव, अय्यो, आमचे मूळ लोक तीनशें वर्षांमागें तिकडूनच आले म्हणतात, पाहिलें नाही कुणी. बोलता बोलता त्यांनी दाखवलं की फोन पूर्वी दिवाणखान्यात होता, तो आता आतल्या खाटेशेजारी घेतला आहे, तार वाढवून. कानाचं यंत्र आणलं होतं, ते शिटी मारतं, म्हणून डबीत आहे. कपालीश्वराच्या देवळात जात असत दर सोमवारी, ते सोडलं. कुंभकोणमला बहीण आहे, तिच्याकडं वैशाखात गेल्या नाहीत, आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, गेल्या नाहीत. मासिकाच्या अंकावर हा एकच नंबर छापलेला. पुन्हा कुणी विचारायला फोन केला आणि उचलला गेला नाही तर? जिन्यापर्यंत त्या पोचवायला आल्या आणि त्याच्या पाठीमागून म्हणाल्या, "तुम्ही मोठ्यानं बोलतां, मला सगळं ऐकूं आलं. चांगलं झालं."

तो मोठ्यानं बोलला नव्हता. नेहमीच्याच आवाजात बोलला होता, उलट थोडा खालीच. पनगल पार्कपाशी बसमध्ये चढला तेव्हा हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो दाराजवळच्याच सीटवर बसला. त्याचे वडील शेवटची सहा वर्षं बहिरे होते, खरेखुरे. एसटीत कंडक्टर होते, साऱ्या आयुष्यात गर्दीतून हव्या त्या माणसाचा आवाज उचलणारा माणूस. आधी ते हसायच्या जागा चुकू लागले. चारचौघांत कुणी काही सांगितलं की सगळे हसल्यावर क्षणभरानं हसत, आणि एकदा कुणाच्या तरी मयताची गोष्ट चालली असताना हसले. त्यानंतर ते कट्ट्यावर जाईनासे झाले. घरात रेडिओपाशी बसत, रेडिओ बंद असला तरी. माणूस बहिरा झाला की त्याला ऐकू येत नाही एवढंच होत नाही, त्याला सगळीकडं आपलीच चूक दिसू लागते. दार वाजलं असेल का, कुणी हाक मारली असेल का, आपण कुणाला उत्तर न देता तसेच बसलो तर नसू. वडिलांच्या चेहऱ्यावर ही भीती कायमची येऊन बसली होती. आज तोच चेहरा त्यानं टी. नगरात पाहिला होता, अशा बाईचा जिला स्वयंपाकघरातून खालचा पुकारा ऐकू येत होता, 'या बाजूला या, अम्मा' म्हणणारा, आणि ज्याला ती हसलीही होती.

बस अड्यारचा पूल ओलांडून सिग्नलला अडकली. बाहेर ऊन होतं, ऑक्टोबरचं, घामानं चिकट झालेलं. साताऱ्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात तो नोकरीला लागला तेव्हा तिथं एक लोखंडी कपाट होतं, पातळ पातळ खणांचं. प्रत्येक मासिकाचं एक कार्ड, आणि अंक आला की त्या महिन्याच्या चौकटीत बरोबरची खूण. महिना उलटूनही चौकट रिकामी राहिली की ग्रंथपालबाई त्याला पोस्टकार्ड लिहायला लावत. 'आपला मार्चचा अंक अद्याप मिळालेला नाही, कृपया पाठवावा.' बाविसाव्या वर्षी त्याला त्याची गंमत वाटे. अनोळखी गावांना आपण विचारतो आहोत, तुम्ही आहात ना? आणि पंधरा दिवसांनी पुडकं येई, कधी सोबत चिठ्ठी, छापखान्यात आग लागली होती, क्षमस्व, किंवा संपादकांच्या मुलीचं लग्न होतं. पुढं बायकोची, चारुलताची, बँकेत इकडं बदली झाली, मागून तोही आला, आणि कॉम्प्युटरसमोर बसला. इथं चौकटी नव्हत्या आणि पुडकी नव्हती. तरी त्यानं ते काम वाईट केलं नव्हतं. बरीच वर्षं चांगलंच केलं होतं. कुठल्या दिवशी सोडलं हे त्याला हवं होतं, एखादा दिवस, एखादं कारण, आजारपण, भांडण, ज्याकडं बोट दाखवता येईल. तसं काहीच सापडेना. नुसता थकवा होता, आणि थकव्याला तारीख नसते.

घरी त्यानं चारुलताला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. "नोंद पुन्हा उघडशील ना उद्या?" तिनं विचारलं. "मग झालं की. त्यांना कुठं कळतंय."

"त्यांना वाटतंय त्या बहिऱ्या झाल्यात."

तिच्या हातातला टॉवेल दोरीवर तसाच राहिला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मग तूच बघ बाबा," आणि तिनं चिमटा लावला.

सकाळी नोंद उघडायला एक मिनिटही लागलं नाही. रेघेपुढचं वर्ष पुसलं, जागा मोकळी झाली. खाली कारणाची चौकट होती. श्रीरंजनी त्याच्या खुर्चीमागं उभी राहिली. ती बत्तीस वर्षांची, कामाला वाघ, आणि त्याला कधी टोचून न बोलणारी. "सार, असं घाला. प्रकाशकाशी संपर्क होऊ शकला नव्हता, आता खात्री झाली. संपलं."

"संपर्क होऊ शकला असता. केला नाही."

"तारखा आहेत ना."

"एकोणीस तारखेला आपलं ऑफिस बंद होतं, श्रीरंजनी. मतदान होतं."

ती हसायच्या बेतात होती, ती तशीच राहिली. तिनं आपल्या फोनवर एप्रिल काढून पाहिला. मग शेजारची खुर्ची ओढून बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "किती?"

"गेल्या दीड वर्षात अकराशे चाळीस बंद केलीत मी. त्यातल्या कितींना विचारलं होतं ते मला आता सांगता येत नाही. काहींना विचारलं होतं. खोटं कुठलं आणि खरं कुठलं, मलाच कळत नाही."

"हे तुम्ही मला सांगायलाच हवं होतं का?" ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. एखाद्यानं जड पिशवी न विचारता आपल्या मांडीवर ठेवावी, तशी ती दिसली. "डिसेंबरात करार पुन्हा व्हायचाय. सात माणसं आहोत आपण. मी म्हणते फोनची लाइन बिघडली होती म्हणून टाका. कुणाचं काय जातं?"

लाइन बिघडली नव्हती. म्हणजे पुन्हा दोष त्याच घरात जाऊन बसला असता, आधी कानात, आता तारेत. तो कळफलकाकडं बघत राहिला. त्याला फार झोप आली होती, इतकी की मान टेबलावर टेकावी. आणि त्या झोपेतून वर येत त्यानं चौकटीत लिहिलं, 'प्रकाशकाशी संपर्क साधला नव्हता. नोंदवलेल्या तारखा खोट्या आहेत.' खाली आपलं नाव टाकलं. श्रीरंजनीनं ते वाचलं, उठली आणि काचेच्या खोलीत जाऊन कुणाशी तरी बराच वेळ बोलत राहिली. बारा वाजता निकाल लागला. त्याच्या हातून नोंदी बदलायचा अधिकार काढून घेतला. बाकीच्या अकराशे एकोणचाळीस मासिकांना त्यानं आता खरोखर विचारायचं, कोपऱ्यातल्या लहान खोलीतल्या फोनवरून, आणि उत्तरं वहीत लिहून द्यायची. ते झाल्यावर पुढचं काय ते बघू. "पुढचं म्हणजे तुम्हाला कळलं ना सार?" श्रीरंजनी म्हणाली. कळलं होतं. एक्कावन्नाव्या वर्षी कुणालाही कळलं असतं. बाकीचे पाचजण पडद्यांकडं बघत होते, त्यातल्या एकानंही मान वळवली नाही. त्याला वाटलं होतं की हे लिहून झाल्यावर आत काहीतरी सैल होईल. तसं झालं नाही. हे सोपं होतं. ऑफिसला सांगणं म्हणजे कागदाला सांगणं.

लहान खोलीत खिडकी नव्हती. टेबल, फोन, वही, छापलेली यादी. त्यानं दार लावून घेतलं आणि सकाळीच नोंद उघडल्यामुळं यादीत जे नाव नव्हतंच, त्याचा नंबर आधी फिरवला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आतच पलीकडून उचलला गेला.

"हलो! कोण?" सकवारबाई ओरडल्या. खाटेवर बसून वाट पाहत असलेल्या माणसाचा आवाज.

"मावशी, मी रविकांत. काल आलो होतो."

"ऐकूं येतं! ऐकूं येतं! बोला!"

तो हळू बोलला. मुद्दाम हळू. "मावशी, एप्रिलमध्ये तुम्हाला कुणीही फोन केला नव्हता."

"काय?"

त्यांना ऐकू आलं होतं, ते त्याला कळलं. "तीन तारखेला नाही, दहाला नाही, एकोणीसलाही नाही. फोन मी करायचा होता. केला नाही. न करता तारखा लिहिल्या. फोन वाजलाच नव्हता. तुमचे कान चांगले आहेत."

पलीकडं गल्लीतला हॉर्न, एका बाईचं भाजीवाल्याशी हुज्जत घालणं, हे सगळं त्या तारेतून स्वच्छ येत राहिलं, आणि ते सगळं त्याही ऐकत असणार. त्याला वाटलं, ठेवतील. ठेवला असता तर बरं झालं असतं.

"मी कुंभकोणमला गेलें नाही," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज आता ओरडका नव्हता, घरातला, बारीक, धारदार होता. "बहीण आजारी होती आडींत. मी म्हटलें, फोन येईल. ती म्हणाली, तुला ऐकूं येणार नाही तर बसून काय करतेस? मी रडलें. बहिरी करून ठेवलांत तुम्ही मला. सहा महिने बहिरी."

"हो."

"काल माझ्या घरीं कॉफी प्यायलात. काल सांगायला काय झालं होतं?"

"धीर झाला नाही."

"आज कसा झाला?"

"आजही नाहीच," तो म्हणाला, "पण तुम्ही फोनपाशी बसला असाल, असं दिसत राहिलं."

त्यांनी माफ केलं नाही, तसा काही शब्द उच्चारला नाही, आणि पुढंही कधी उच्चारतील असं त्याला वाटलं नाही. खाट करकरली. त्या उठून उभ्या राहिल्या असाव्यात.

"फोन करून काय विचारणार होतां?"

"काय?"

"एप्रिलांत. केला असतां तर काय विचारलं असतां? तें विचारा."

रविकांतनं वही पुढं ओढली. एकोणीस वर्षं पाठ असलेला प्रश्न त्याला शब्द शोधत विचारावा लागला. "आपलं नियतकालिक अजून निघतं का?"

"निघतं."

"शेवटचा अंक?"

"खंड एक्केचाळीस, अंक तीन. चौथा जानेवारींत."

"पत्ता तोच?"

"तोच. नंबरही हाच. पण मी सोमवारीं घरीं नसेन. आणि उद्यांपासून पंधरा दिवस कुंभकोणमला असेन, कोणी विचारलं तर थांबायचं."

"थांबू." त्यानं लिहिलं. "संपादक?"

या वेळी तिकडून जे थांबणं आलं ते वेगळं होतं. कुणीतरी कपाट उघडून आत नुसतं पाहावं आणि पुन्हा लावावं, तेवढं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "सकवारबाई दत्ताजीराव."

"इंग्रजीत स्पेलिंग सांगाल? तिकडं चुकायला नको."

"एस. सेलम. ए. अरियलूर. के. कुंभकोणम." त्या अडल्या. "डब्ल्यूला गांव नाही आमच्याकडे."

"वाई," रविकांत म्हणाला.

"हें कुठें आलं?"

"आमच्या साताऱ्याकडं. कृष्णेच्या काठी."

"डब्ल्यूनंच लिहितात कीं?"

"डब्ल्यूनंच."

त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "सरि, ठीक. वाई. लिहिलांत?"

"लिहिलं."

"पुढें ए. आरणी."